आधी हृदय मंदावतं, मग अंग गार पडतं: प्राण्यांच्या शीतनिद्रेत हार्मोन नेमकं काय करतात?

अंतराळवीरांना अस्वलासारखं झोपवून मंगळावर नेणार, अशा अर्थाची बातमी दर वर्षा-दोन वर्षांनी येते. प्रवास सहा-सात महिन्यांचा, अन्नपाणी मोजकं, त्यामुळे कल्पना मोहात पाडणारी आहे. युरोपीय अंतराळ संस्थेने तिच्यावर अभ्यासही करून घेतला आहे. पण अशा बातमीत एक वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: शरीर थंड केलं की हृदय मंदावतं आणि माणूस निवांत पडून राहतो. शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यांत हे नेमकं उलट्या क्रमाने घडतं. तिथे हृदय आधी मंदावतं, अंग मागाहून थंड होतं. हा क्रम ध्यानात आला की हार्मोन नेमकं कुठे लागतात, थंडीत माणूस का दगावतो आणि मंगळाची योजना अजून कागदावरच का आहे, हे सगळं उलगडत जातं.

## सुप्तावस्था म्हणजे काय आणि काय नाही

सस्तन प्राणी आणि पक्षी अंगाचं तापमान स्वतः राखतात. खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा त्यातच जातो. अन्नाची चणचण असेल तेव्हा काही जाती हा खर्चच तात्पुरता आवरता घेतात. शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग, म्हणजे चयापचय, त्या पाडतात आणि अंग भोवतालच्या हवेच्या जवळपास थंड होऊ देतात. शास्त्रज्ञ याला टॉर्पर म्हणतात. आपण सुप्तावस्था म्हणू. काही जातींत ती रोज काही तासांपुरती येते. काहींत आठवडा-दोन आठवड्यांच्या फेऱ्या एकामागून एक लागतात आणि सगळा हिवाळा त्यात जातो. ती शीतनिद्रा.

उत्तर अमेरिकेत तेरा पट्ट्यांची, बिळात राहणारी एक खार आहे. जागेपणी तिचं हृदय मिनिटाला २०० ते ३०० वेळा धडधडतं. सुप्तावस्थेत हाच आकडा ३ ते १० वर येतो आणि चयापचय जागेपणीच्या शेकडा दोन-तीन टक्क्यांवर. अलास्कातल्या तिच्या भाऊबंदांमध्ये १९८९ साली शरीराचं तापमान उणे २.९ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, आणि तरी रक्ताचा बर्फ झाला नव्हता. अमेरिकेतलं काळं अस्वल इतकं थंड होत नाही. त्याचं अंग ३० अंशांच्या वरच राहतं, पण ठोके मिनिटाला ५५ वरून १४ च्या आसपास येतात आणि दोन ठोक्यांत कधीकधी वीस सेकंदांचं अंतर पडतं. अंग गरम, हृदय मंद. थंडीनेच हृदय मंदावत असतं तर अस्वलाचं गणित जुळलं नसतं.

ही झोप नव्हे. गाढ झोपेतही हृदयाचा वेग थोडाच उतरतो. खोल सुप्तावस्थेत मात्र मेंदूचा विद्युत आलेख जवळजवळ सपाट होतो. गंमत म्हणजे प्राणी त्यातून बाहेर आला की पहिलं काम झोपण्याचं करतो. झोप राहून गेल्यासारखा.

बेडकाचा प्रकारही वेगळा. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, काळ्या रानाला हात हात भेगा पडतात आणि पहिल्या पावसात कुठून कोण जाणे बेडूक निघतात. तेही चयापचय उतरवून मातीत पडलेले असतात. पण बेडकाचं तापमान मुळातच मातीच्या हाती असतं. स्वतःचं तापमान राखू शकणाऱ्या प्राण्याने ते मुद्दाम सोडून देणं, ही सुप्तावस्थेची खूण.

आणि त्यासाठी बर्फ लागत नाही. मादागास्करमधला जाड शेपटीचा बुटका लेमूर उष्ण प्रदेशात, झाडाच्या ढोलीत, सात महिने शीतनिद्रा घेतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत, ढोली तापली की त्याचं अंगही तापत होतं, अगदी ३० अंशांच्या वर, आणि तरी तो सुप्तावस्थेतच होता.

## क्रम कसा कळला

खार बिळात अंग मुटकुळं करून पडते. पहिल्या तासा-दोन तासांत हृदयाचा आलेख पाहिला तर ठोके एकसारखे कमी होत नाहीत. चार-पाच ठोके नेहमीच्या गतीने पडतात, मग एखाद-दोन गळतात, पुन्हा काही पडतात. गाळलेल्या ठोक्यांची संख्या वाढत जाते आणि सरासरी झपाट्याने खाली येते. या वेळी अंगाला हात लावला तर ते अजून बऱ्यापैकी गरम असतं. बिळाइतकं थंड व्हायला तिला पुढे अनेक तास लागतात.

ठोके गाळायला लावणारी आहे व्हेगस नावाची मज्जातंतूंची जोडी. ती मेंदूच्या तळापासून हृदयापर्यंत येते आणि ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडून हृदयाची लय धीमी करते. याचा पुरावा सरळ आहे. सुप्तावस्थेत शिरणाऱ्या प्राण्याला ॲट्रोपीन दिलं, की ठोके गळणं थांबतं आणि वेग वाढतो. हे औषध खान्देशात कुणाला नवं नाही. कपाशीवर फवारणी करताना काही कीटकनाशकांची विषबाधा झाली की शरीरात ॲसिटिलकोलिन साचतं, नाडी मंदावते, तोंडाला फेस येतो, आणि दवाखान्यात हेच ॲट्रोपीन वारंवार टोचतात. तिथे जी क्रिया जिवावर उठते, तीच खार मोजून-मापून वापरते.

खोल सुप्तावस्थेत पोचल्यावर मात्र ॲट्रोपीनचा फारसा परिणाम होत नाही. व्हेगसने तोवर हात काढून घेतलेला असतो. आता थंडीच पुरेशी असते, कारण तापमान दहा अंशांनी उतरलं की शरीरातल्या बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग निम्म्या-तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे उतरणीची सुरुवात मज्जातंतू करतात, पुढचं काम थंडी करते. सुरुवात थंडीने केली असती तर शरीराने विरोध केला असता: अंगावर काटा, कुडकुडणं, हृदयाची धडधड.

## ठोके पन्नास पटींनी कमी, मग रक्तदाब शून्यावर का येत नाही?

हा प्रश्न बहुतेकांना पडतो आणि तो रास्त आहे. इथे केळीच्या बागेतलं ठिबक डोळ्यांपुढे आणा.

विहिरीवरची मोटार मेन लाइनमध्ये पाणी ढकलते. तिथून सबमेन, सबमेनच्या तोंडाला व्हॉल्व्ह, पुढे नळ्या आणि ड्रिपर. ड्रिपरला साधारण एक किलो प्रेशर लागतं. समजा मोटारीचा वेग एकदम कमी केला आणि सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवले, तर गेजचा काटा खाली बसतो आणि कुठल्याच प्लॉटला धड पाणी मिळत नाही. पण मोटार मंद करतानाच एक-दोन प्लॉट सोडून बाकीचे व्हॉल्व्ह आवळले, तर थोड्या पाण्यातही लाइनीत प्रेशर टिकतं.

शरीर हेच करतं. हृदय मोटार, लहान धमन्यांच्या भिंतीतले स्नायू व्हॉल्व्ह. त्वचा, पोटातली आतडी, मागच्या पायांचे स्नायू यांच्याकडे जाणाऱ्या धमन्या आवळल्या जातात. हृदय, फुप्फुसं, मेंदू आणि पाठीवरची, उष्णता काढणारी तपकिरी चरबी यांची वाट तुलनेने मोकळी राहते. त्यात थंड रक्त घट्ट होतं आणि वाहताना जास्त अडतं, म्हणून दाब टिकायला त्याचीही मदत होते. दाब उतरतो, पण ठोक्यांच्या मानाने फार कमी. मूत्रपिंडात रक्त गाळलं जाण्यासाठी जितका दाब लागतो तितकाही तो राहत नाही, म्हणून खोल सुप्तावस्थेत लघवी बनणं जवळपास थांबतं.

धमन्या आवळण्याचं काम करतं नॉरॲड्रेनलिन. ते मज्जातंतूंच्या टोकांतून निघतं आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथीतून थोडं रक्तातही येतं. म्हणजे एकाच वेळी हृदयावर व्हेगसचा लगाम आणि धमन्यांवर नॉरॲड्रेनलिनची पकड. एरवी या दोन यंत्रणा आलटून-पालटून जोर धरतात, एक वाढली की दुसरी घटते. सुप्तावस्थेत शिरताना दोन्ही एकदम चालू असतात. सगळ्या विषयात नवल वाटावं अशी गोष्ट माझ्या मते हीच आहे.

## मग हार्मोन कुठे येतात?

एकेक ठोका मज्जातंतूंच्या हातात असतो. हार्मोन, म्हणजे ग्रंथींनी रक्तात सोडलेली संदेशवाहक रसायनं, ठोके मोजत बसत नाहीत. सुप्तावस्थेत जायचं की नाही, कधी जायचं आणि गेल्यावर हृदयाचे स्नायू तग धरतील का, हे ती ठरवतात. लोकप्रिय लेखांत ही दोन कामं सर्रास एक केली जातात आणि मग गोंधळ होतो.

पहिलं नाव लेप्टिन. चरबीच्या पेशी ते सोडतात. रक्तात ते भरपूर असेल तर मेंदू समजतो की शिल्लक आहे. प्रयोगशाळेतला साधा पांढरा उंदीर गार खोलीत उपाशी ठेवला की काही तासांत सुप्तावस्थेत जातो. मिनिटाला सुमारे ६०० ठोके घेणारं त्याचं हृदय २०० च्याही खाली येतं. त्याआधी त्याचं लेप्टिन उतरलेलं असतं. जन्मतःच लेप्टिन बनवू न शकणारे उंदीर उपास पडला की सहज सुप्तावस्थेत जातात, आणि त्यांना बाहेरून लेप्टिन दिलं तर जात नाहीत.

इथे शंका येते ती अशी: शीतनिद्रेआधी प्राणी तर खाऊन गलेलठ्ठ होतात, मग त्यांचं लेप्टिन चढलेलं असणार, ते सुप्तावस्थेत जातातच कसे? काही जातींत चरबी आणि लेप्टिन यांचं नातं त्या मोसमापुरतं तुटतं. उत्तर अमेरिकेतल्या लहान तपकिरी वटवाघळात चरबी चढत असतानाच लेप्टिन उतरतं, हे २००० सालच्या सुमारास मोजून दाखवलं गेलं आहे.

घ्रेलिन हे रिकाम्या जठरातून निघणारं भुकेचं हार्मोन. ते उलट्या दिशेने काम करतं. उपाशी उंदराला ते टोचलं तर सुप्तावस्था जास्त खोल जाते.

थायरॉइड आपल्या घराघरांत ओळखीचा झाला आहे. ज्यांचा कमी असतो त्यांना थंडी वाजते, नाडी मंद चालते. ज्यांचा वाढतो त्यांची छाती धडधडते. कारण टी३ हे थायरॉइडचं सक्रिय हार्मोन हृदयाच्या पेशींवर नॉरॲड्रेनलिन पकडणारे ग्राहक, म्हणजे रसायनाचा निरोप घेणारी प्रथिनं, वाढवतं आणि पेशींचा खर्चही वाढवतं. सायबेरियातल्या बुटक्या हॅमस्टरमध्ये दिवस लहान झाले की मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात टी३ मोडून टाकणारं विकर, म्हणजे एन्झाइम, वाढतं. तिथलं टी३ घटतं आणि दहा-बारा आठवड्यांनी सुप्तावस्था सुरू होते. त्याच जागी बाहेरून टी३ ठेवलं तर ती येतच नाही. दिवस लहान झाल्याची खबर मेंदूला देतं मेलॅटोनिन. ते रात्री सुटतं, त्यामुळे रात्र लांबली की त्याचा काळही लांबतो.

नराचं हार्मोन टेस्टोस्टेरॉन सुप्तावस्थेला आडवं येतं. अलास्कातल्या खारींचे नर वसंताआधी काही आठवडे सुप्तावस्था सोडतात, पण बिळातच राहतात. वृषणं वाढायला ऊबदार शरीर लागतं, आणि टेस्टोस्टेरॉन चढलं की परत थंड होता येत नाही.

## नॉरॲड्रेनलिन: जातानाही तेच, येतानाही तेच

२००८ साली स्टीव्हन स्वोप आणि डेव्हिड वाइनशेन्कर या संशोधकांनी नॉरॲड्रेनलिन बनवू न शकणारे उंदीर वापरले. ते उपाशी ठेवले तरी सुप्तावस्थेत गेले नाहीत. नॉरॲड्रेनलिन हृदयाची धडधड वाढवतं, मग ते नसताना हृदय मंदावणं सोपं व्हायला हवं होतं, घडलं उलट. कारण उपास पडला की नॉरॲड्रेनलिनच चरबीच्या पेशींना लेप्टिन कमी करायला सांगतं. तो निरोपच गेला नाही तर मेंदूला शिल्लक भरलेली वाटत राहते.

बाहेर येतानाही तेच लागतं. तपकिरी चरबीवर, बीटा-३ नावाच्या ग्राहकांवर ते बसलं की त्या पेशी चरबी जाळून सरळ उष्णता काढतात.

त्यामुळे “अमुक हार्मोन हृदय मंद करतं” अशी यादी वाचली की सावध व्हावं. एकच रसायन कुठे उतरतं, कोणत्या वेळी, आणि तिथे कोणता ग्राहक आहे, यावर त्याचं काम बदलतं.

## जाग येते तेव्हाच धोका जास्त

शीतनिद्रा सलग नसते. दर एक ते तीन आठवड्यांनी खार पूर्ण गरम होते, बारा ते चोवीस तास तशी राहते आणि पुन्हा थंड पडते. या जागा होण्यातच हिवाळ्याच्या शिधोरीचा बहुतांश भाग जळतो. ती का उठते यावर एकमत नाही. झोप भरून काढणं, पेशींची डागडुजी, रोगप्रतिकार अशी वेगवेगळी उत्तरं दिली जातात.

५ अंशांवरचं शरीर दोन-तीन तासांत ३७ वर येतं. आधी हृदय वेग घेतं आणि अंग पुरतं गरम व्हायच्या आतच कमाल गतीला पोचतं. तपकिरी चरबी पेटते, मग स्नायू कुडकुडायला लागतात. ठिबकच्या भाषेत, मोटार पूर्ण वेगात पण व्हॉल्व्ह फक्त पुढच्या प्लॉटचे उघडे. छाती आणि डोकं आधी तापतं. मागचे पाय, पोट तेव्हा दहा-दहा अंशांनी थंड असतात. सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले असते तर मागच्या भागातलं थंड रक्त हृदयात लोटलं असतं, तापवलेलं हृदय पुन्हा गार पडलं असतं आणि दाबही कोसळला असता. म्हणून मागच्या भागातल्या धमन्यांवरची पकड शेवटी सुटते.

कडाक्याच्या थंडीतून वाचवलेल्या माणसाला डॉक्टर हातपाय चोळून आणि शेकून का गरम करत नाहीत, त्याचं कारण यातच आहे. आधी छाती-पोट गरम करायचं.

## माणसाचं हृदय थंडीत का बिघडतं?

माणसाच्या शरीराचं आतलं तापमान २८ अंशांच्या आसपास आलं की हृदयाची लय तुटण्याचा धोका फार वाढतो. स्नायूंचे तंतू एकसाथ आकसायचे सोडून सैरभैर थरथरतात, रक्त पुढे जात नाही. खारीचं हृदय शून्याजवळही लय सोडत नाही. फरक मुख्यतः कॅल्शियमच्या हाताळणीत आहे.

प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशीत कॅल्शियम सुटतं, त्याने पेशी आकसते, आणि सैल व्हायला ते परत कोठारात ओढून घ्यावं लागतं. हे ओढणारा पंप प्रथिनाचा असतो आणि थंडीत तो ढिला पडतो. माणसाच्या पेशीत मग कॅल्शियम साचून राहतं, पेशी अवेळी आकसते आणि लय बिघडते. शीतनिद्रा घेणाऱ्या खारी हिवाळ्याआधीच या पंपाची संख्या वाढवतात. शिवाय शेजारच्या पेशींना विजेचा संदेश देणारे दुवे थंडीतही शाबूत ठेवतात, त्यामुळे सगळं हृदय एकाच वेळी आकसतं.

ही तयारी तासाभरात होत नाही. ती मोसमाची आहे, आणि हार्मोनचा संबंध सगळ्यात घट्ट इथेच आहे. म्हणून उन्हाळ्यात खारीला नुसतं थंड केलं तर ती शीतनिद्रेत जात नाही, कुडकुडते.

## मंद वाहणाऱ्या रक्ताच्या गुठळ्या का होत नाहीत?

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायात गुठळी होते, हे आपण ऐकतो. खार दोन आठवडे निश्चल, रक्त थंड आणि घट्ट. तिच्यात रक्त गोठवणाऱ्या चकत्या, म्हणजे प्लेटलेट, रक्तातून बाजूला काढून यकृतात अडकवून ठेवल्या जातात; रक्तातली संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटते. जाग आली की काही तासांत त्या परत येतात. पांढऱ्या पेशीही बऱ्याचशा अशाच बाजूला होतात.

अस्वलात वेगळी युक्ती आहे. तपकिरी अस्वलाच्या प्लेटलेटवर हिवाळ्यात एचएसपी-४७ हे प्रथिन फार कमी होतं, असं २०२३ साली प्रसिद्ध झालं. त्याच संशोधनात, मणक्याच्या दुखापतीने वर्षानुवर्षं हालचाल नसलेल्या माणसांतही हे प्रथिन कमी आढळलं. त्यांच्यात गुठळ्या अपेक्षेपेक्षा कमी का होतात, याचा एक धागा त्यातून मिळाला. म्हणजे मंगळाचं काहीही होवो, या अभ्यासाचा फायदा पलंगावर पडलेल्या रुग्णाला आधी होऊ शकतो.

## एकच हार्मोन शोधून टोचता येणार नाही का?

शोध झाला आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी शीतनिद्रेतल्या खारीचं रक्त उन्हाळ्यात जाग्या खारींना दिलं आणि त्या शीतनिद्रेत गेल्या, असं प्रसिद्ध केलं. रक्तात काहीतरी “चालू करणारं” आहे, या आशेवर पुढे अनेक वर्षं काम झालं. पण तो पदार्थ निर्विवादपणे हाती लागला नाही आणि इतरांना तोच परिणाम खात्रीने मिळाला नाही.

ॲडेनोसिनची कथा जास्त ठोस आहे. पेशींनी ऊर्जा खर्च केली की हे तयार होतं. काटेकोर बोलायचं तर ते हार्मोन नव्हे, जागच्या जागी काम करणारा निरोप्या. मेंदूतल्या त्याच्या ए-१ ग्राहकांना चेतवणारं औषध अलास्कातल्या खारींना दिलं, तेव्हा हिवाळ्यात त्या सुप्तावस्थेत गेल्या, उन्हाळ्यात गेल्या नाहीत. औषध तेच, डोस तोच, मोसम वेगळा. चहा-कॉफीतलं कॅफिन याच ग्राहकांना अडवून आपल्याला जागं ठेवतं. छातीत अचानक भन्नाट धडधड सुरू झालेल्या रुग्णाला दवाखान्यात ॲडेनोसिन शिरेतून देतात, तेव्हा काही सेकंद हृदय थबकतं.

२०२० साली जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमधल्या अशा चेतापेशी दाखवल्या, ज्या चेतवल्या की चयापचय, तापमान आणि ठोके सगळंच उतरतं. जपानी गटाने हे मोठ्या जातीच्या उंदरातही करून दाखवलं, आणि तो उंदीर निसर्गतः सुप्तावस्थेत जात नाही. हे काम मला सगळ्यात आशादायक वाटतं, कारण त्यात थंडी बाहेरून लादलेली नव्हती. शरीर जे राखायला धडपडतं ते लक्ष्य तापमानच त्याने खाली घेतलं होतं.

## योगी हृदय थांबवतात, ते हेच का?

खान्देशात हा प्रश्न येणारच. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे आणि योगबळाने ते चौदाशे वर्षं जगले, ही आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. श्रद्धेचा भाग श्रद्धेच्या जागी. मोजलेली गोष्ट अशी: हृदय किंवा नाडी थांबवतो म्हणणाऱ्या चार योग्यांवर वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी भारतात केलेल्या चाचण्या १९६१ साली प्रसिद्ध झाल्या. श्वास कोंडून छाती-पोटाचे स्नायू आवळले की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, मनगटाला नाडी लागत नाही आणि आवाजही ऐकू येत नाही. विद्युत आलेखात मात्र हृदय चालूच होतं. एकाचे ठोके खरोखर मंदावले, बहुधा व्हेगसमार्फत. म्हणजे उतरणीची पहिली पायरी काही प्रमाणात माणसाच्या आवाक्यात आहे. पुढचं काहीच नाही: चयापचय नव्वद टक्के उतरणं, कॅल्शियमचे पंप, बाजूला काढलेल्या प्लेटलेट.

## दवाखान्यात थंड करतात, ते काय?

महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत माणसाला यंत्राच्या मदतीने वीस अंशांच्या आसपास आणून रक्ताभिसरण थोडा वेळ थांबवतात. पण तिथे भूल असते, हृदय-फुप्फुसाचं काम यंत्र करतं आणि वेळ मिनिटांत मोजतात. हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या रुग्णांना ३२ ते ३४ अंशांवर ठेवण्याचा फायदा २००२ च्या चाचण्यांत दिसला होता. २०२१ च्या मोठ्या चाचणीत, ताप येऊ न देता नेहमीच्या तापमानावर ठेवलेल्या रुग्णांपेक्षा थंड केलेल्यांत जास्त जण वाचले नाहीत. थंड केल्यावर शरीर कुडकुडतं, नॉरॲड्रेनलिन उसळतं, आणि ते दाबायला गुंगीची औषधं द्यावी लागतात. लक्ष्य तापमान ३७ च ठेवून शरीर थंड करणं आणि लक्ष्यच खाली घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## आपल्याकडे हे कुठे दिसतं?

सातपुड्यातलं अस्वल शीतनिद्रा घेत नाही. वाळवी, मोह, बोरं असं काही ना काही त्याला बारमाही मिळतं. हिवाळ्यात दिसलं नाही म्हणजे झोपलं असेल, अशा समजुतीने गुहेजवळ जाऊ नये. अंगणातली पट्ट्यांची खारही वर्षभर जागीच असते. साप थंडीत सुस्त होतात ते बेडकासारखेच, त्यांचं तापमानही भोवतालच्या हाती असतं म्हणून.

कीटक खाणारी छोटी वटवाघळं मात्र पाहण्यासारखी. अशा अनेक जाती गार दिवसांत काही तास अंग थंड पडू देतात. जुन्या गढीत, किल्ल्याच्या तळघरात किंवा डोंगरातल्या गुहेत डिसेंबर-जानेवारीत एखादं निपचित, हाताला गार लागेल असं लटकलेलं असेल तर ते मेलेलं असेलच असं नाही. टॉर्च मारून, धूर करून किंवा डिवचून त्याला उठवलं तर ते तपकिरी चरबी जाळून गरम होतं, आणि ती चरबी त्या दिवसांत भरून निघणं अवघड. उत्तर अमेरिकेत २००६ पासून पांढऱ्या नाकाच्या बुरशीजन्य रोगाने लाखो वटवाघळं मेली. बुरशी त्यांना हिवाळ्यात पुन्हा पुन्हा जागं करते आणि वसंताआधीच साठा संपतो.

खाली पडलेलं दिसलं तर उघड्या हाताने उचलू नये, आणि गरम करायला दिव्याखाली तर मुळीच ठेवू नये. जाड कापडाने अलगद धरून सावलीत, उभ्या खडबडीत पृष्ठभागावर टेकवावं. उठायला त्याला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा.